रस्ता वाढला, दुकान वाढलं

वैशाखरे गावात रस्त्याकडेच्या किराणा दुकानातल्या काकी 'संपलं' हा शब्द तोंडातून काढायच्या नाहीत. साखर संपली की म्हणायच्या, "साखर वाढलीय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लगेच पिशवी पुढे केली, "मग द्या की दोन किलो!" काकी तोंडाला पदर लावून हसल्या. मी शाळामास्तर, आणि तोही मराठीचा.

निघताना "जातो" म्हटलं की दटावायच्या, "जातो नाय मास्तर, येतो बोलावं!" ते ऐकायला मी मुद्दाम रोज "जातो"च म्हणायचो.

परवा गेलो तर फळ्या रिकाम्या. काकी बरण्या पुसून खोक्यात भरत होत्या.

"हे काय, काकी?"

"रस्ता वाढतोय ना, मग आमी दुकान वाढवतोय."

"अरे वा! किती मोठं करताय?"

काकी हसल्या नाहीत. त्यांनी नुसतं मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. रुंदीकरणवाल्यांनी तिथे लाल फुली मारली होती. म्हणजे उंबऱ्यापासून तिथपर्यंत सगळं रस्त्यात जाणार होतं.

निघताना पहिल्यांदाच, दटावणी न खाता, म्हणालो, "येतो, काकी."

"या हां, मास्तर."

कुठे, ते मी विचारलं नाही.