रेडिओची कात्री

सलूनमधली गिऱ्हाइकं त्याला ‘रेडिओ’ म्हणायची. कात्री आणि जीभ, दोन्ही एकदमच सुरू व्हायच्या. गेल्या वर्षी हा रेडिओ मुका झाला. घास तोंडात घोळायचा, अंघोळीला उठायचं म्हणजे डोंगर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे डिप्रेशन. आळस नाही, नाटक नाही, आजार आहे. गोळ्या घ्यायच्या आणि दर आठवड्याला येऊन बोलायचं.”

दोन महिन्यांत रेडिओ पुन्हा खरखरू लागला, तेव्हा बायकोच म्हणाली, “बरं वाटतंय ना? मग बास की त्या गोळ्या.” गोळ्या बंद झाल्या, डॉक्टरीणबाईंना विचारलंसुद्धा नाही.

आणि आज दुपारी धाकटा दीर दारात, हसू कानापर्यंत. “वहिनी, दादानं मला त्याची कात्री दिली! म्हणाला, आता मला नको.”

जिवापाड जपलेल्या वस्तू देऊन टाकायला लागले तर सावध व्हा, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. वीस वर्षं त्या कात्रीला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. कात्रीला एकाच अंगठ्याची सवय असते, म्हणायचा. एकदा तिनं त्या कात्रीनं दोरा कापला, तर तीन दिवस अबोला धरला होता.

“दुकानात कोण आहे?”

“एकटाच. शटर ओढून बसलाय.”

ती तशीच अनवाणी पळाली. अर्धं शटर, आत अंधार. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, आरशाकडे तोंड करून बसलेला. शंका आली तर सरळ विचारा, बाईंनी बजावलं होतं, विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. पण ‘हो’ म्हणाला तर?

“अहो... जीव द्यायचं मनात येतंय का?”

आरशातले डोळे हलले.

“हो. रोज.”

तिनं त्याचं मनगट पकडलं आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. बाई म्हणाल्या, एकटं सोडू नका, आत्ताच्या आत्ता आणा.

“उठा.”

“गिऱ्हाईक येईल.”

“येऊ दे. केस वाढले म्हणून कुणी मेलेलं नाही.”

दीर धापा टाकत आला. हातातल्या कात्रीकडे बघून त्याचं हसू विरलं. “ती माझ्याकडे दे,” वहिनी म्हणाली, “आणि रिक्षा बघ.”

नाक्यापर्यंत तिनं मनगट सोडलं नाही.

“हळू चाल,” तो पुटपुटला. “पायात चप्पल नाही तुझ्या.”