रिकाम्या फ्लॅटमधला माणूस

वयात येणाऱ्या मुलांना घरच्या घरी गोष्टी लिहायला कसं बसवावं, यावर इंटरनेटवर सल्ल्यांचा नुसता पूर आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो सगळा मी वाचून काढला. कारण असं, की माझी लेक, वय वर्षं पंधरा, सोफ्याच्या एका टोकाला लोळत फोन बघत होती आणि दुसऱ्या टोकाला तिची मैत्रीण तेच करत होती. काय चाललंय म्हणून विचारलं, तर दोघी एकमेकींना मेसेज पाठवत होत्या. एकाच सोफ्यावरून! माझं डोकंच फिरलं. दोन्ही फोन काढून घेतले, फडताळात सगळ्यात वर ठेवले आणि सांगितलं, की जेवायच्या आत एकेक गोष्ट लिहून झाली पाहिजे.

"आई, सिरियसली?" लेक म्हणाली.

"अगदी सिरियसली."

ही मैत्रीण मूळची इथली, मांजरी गावचीच. आमच्या बिल्डिंगमागे जो ऊस उभा आहे तो तिच्या चुलत्यांचा, आणि बिल्डिंग उभी आहे ती जमीनही एकेकाळी त्यांचीच. त्यामुळे ती आमच्याकडे येते तीच जरा मालकिणीच्या थाटात. मला तिचा तो थाट फार आवडतो.

इंटरनेटने सांगितलं होतं, मुलांना म्हणा, तुम्ही चमचा आहात अशी कल्पना करा. केली कल्पना. दहा मिनिटांत दोघींची पानं भरली. "होय मित्रांनो, मी चमचाच बोलतोय" अशी सुरुवात आणि "म्हणून आपण वस्तूंची काळजी घेऊया" असा शेवट. दोघींचा शेवट सारखाच! शाळेत निबंधाचा जो साचा बसवतात, तो बघा किती पक्का बसतो. मी म्हटलं, "बायांनो, त्या चमच्याला पाचवीपासून बोलायला लावताय, आता त्याला जरा गप्प बसू द्या. आजपासून या घरात गोष्टीला तात्पर्य लिहील ती भांडी घासेल."

मग मी इंटरनेट बाजूला ठेवलं. माझं लहानपण शनिवार पेठेत गेलं. तिथे माणूस भेटायच्या आधी त्याची पाटी भेटायची आणि पाटी वाचून निम्मे लोक भेटायचा विचार सोडून द्यायचे. मी पोरींना म्हटलं, एक माणूस तयार करा. तो दिसायचा नाही, बोलायचा नाही. फक्त त्याच्या दारावरच्या पाट्या लिहायच्या आणि त्यातून तो कळला पाहिजे.

ही मात्रा बरोबर लागू पडली. संध्याकाळपर्यंत माणूस तयार. हिंजवडीत रात्रपाळी करणारा, एकटा आणि तिरसट. रात्रपाळी कुठून आली ते मला लगेच कळलं. माझा नवरा हिंजवडीहून इतक्या रात्री घरी पोचतो, की तो दिवसपाळीचा आहे हे कोणाला सांगून खरं वाटत नाही. पहिली पाटी अशी होती : "बेल दाबू नये. दिवसा झोपतो. रात्री कंपनीची बस नेते व सकाळी आणून टाकते." दुसरी : "या घरात कुत्रा नाही. तरी घाबरून यावे."

"काकू, ह्यो लई खडूस हाय," मैत्रीण खूश होऊन म्हणाली. "लावू का त्या कोपऱ्यातल्या दारावर? तिथं कोण राहतंय?"

आमच्या मजल्यावरचा कोपऱ्यातला फ्लॅट ताबा मिळाल्यापासून रिकामा आहे. मालक परदेशात. मी म्हटलं, लावा. कागदच तो, कोणाच्या बापाचं काय जातंय?

दुसऱ्या दिवशी लेक कचरा ठेवायला बाहेर गेली ती ओरडतच आत आली. पहिल्या पाटीखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं : "झोपा. परंतु सूर्य नावाची एक वस्तू असते. अधूनमधून पाहावी."

अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावर एक आजोबा राहतात. सोसायटीच्या सूचनांवर पूर्वी असे पेन्सिलीचे शेरे मारायचे ते तेच. गेल्या वर्षी आजी गेल्या आणि आजोबांनी बोलणंच सोडून दिलं. लिफ्टमध्ये नमस्कार केला तर मजल्याच्या आकड्यांकडे बघायचे. डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलेत म्हणून रोज सकाळी आमच्या मजल्यापर्यंत येऊन परत खाली जायचे. एवढीच त्यांची बाहेरची ये-जा.

लेकीने नवी पाटी लावली : "सूर्य पाहिला. काही विशेष नाही."

खाली उत्तर आलं : "असे म्हणता? म्हणजे आपण पेठेतले दिसता."

मी इतकी हसले की चहा उतू गेला. पुढे रोजच सुरू झालं. सुट्टीत दहाच्या आत न उठणारी माझी कार्टी सातला दारात जाऊन उभी राहायला लागली. दोघी तासन्‌तास भांडायच्या, तो असं म्हणेल की तसं म्हणेल. "नाही गं, एवढं गोड बोलला तर तो तो राहणार नाही," असं लेक म्हणाली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मनात म्हटलं, झालं काम. चमचा मेला, माणूस जन्माला आला.

एकदा भाजी आणायला खाली उतरले, तर आजोबा चक्क बाकावर बसलेले आणि शेजारच्यांना सांगतायत, "आमच्या वर एक नवीन गृहस्थ आलेत. तुसडे आहेत, पण वाचन आहे माणसाचं." वर्षभराने त्यांचा आवाज ऐकला. बरं वाटलं, आणि तेव्हाच लक्षात आलं : त्यांना तो माणूस खरा वाटत होता.

तसा तो सगळ्यांनाच खरा वाटायला लागला होता. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई सांगायला लागल्या, की तो नवीन माणूस रात्री दोनला टेबल सरकवतो. आता बोला! सोसायटीच्या सेक्रेटरींना वेगळीच काळजी. भाडेकरू आला आणि त्याची नोंद नाही? पोलिसांकडे कागद नाहीत? त्यांनी मालकाला परदेशात फोन लावला.

दिवाळीचे दोन दिवस आम्ही सासरी गेलो होतो. भाऊबीजेला संध्याकाळी परत आलो, तर कोपऱ्यातल्या दारापुढे स्टीलचा डबा. वर कागद चिकटवलेला : "फराळाचे पाठवीत आहे, चकली विकतची आहे. पाडव्यास दुपारी जेवावयास खाली यावे. मीही एकटाच असतो."

लेकीने तो कागद वाचला आणि ती तिथेच जिन्यात बसली. पाडवा आदल्या दिवशीच होऊन गेला होता.

त्याच वेळी सेक्रेटरी वर आले. कागदाकडे नजर टाकून मोठ्याने हसले. "मालकांशी बोललो. फ्लॅट रिकामाच आहे! रविवारी मीटिंगमध्ये सोक्षमोक्ष लावतो. आणि हे आजोबा भिंतीशी पत्रव्यवहार करतायत! मजा येणार बघा." ते गेल्यावर लेक म्हणाली, "आई, सगळे त्यांना हसतील. ते परत बोलायचे बंद होतील."

"मग रविवारच्या आत आपणच सांगून टाकायचं."

"मी सांगते. पाट्या माझ्या आहेत."

डबा घेऊन ती पुढे, मी मागे. आजोबांनी दार उघडलं. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे तिथे कोणीच नाही?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही, आजोबा."

"पाडव्याला मी दोन ताटं घेतली होती," ते म्हणाले. डबा घेतला आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन लेक म्हणाली, "मी आता कधीच काही लिहिणार नाही." मलाच रडू येत होतं, तिला काय समजावणार?

रविवारी सकाळी मीटिंग पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत आजोबा येऊन बसले होते. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. सेक्रेटरींनी आधी पाण्याच्या टँकरचा विषय घेतला, मग गाड्यांच्या जागेचा, आणि मग घसा खाकरून म्हणाले, "आता तो सुप्रसिद्ध भाडेकरू. मंडळी, असा कोणी माणूसच नाही. फ्लॅट रिकामा आहे. कोणीतरी गंमत केली, आणि आपल्यातल्याच काही ज्येष्ठांनी त्या गमतीला रोज उत्तरं लिहिली." लोक वळून वळून मागे बघायला लागले. हसायला सुरुवात झाली.

लेक उठली. मला वाटलं, आता कबूल करणार आणि रडणार. ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "पाट्या आम्ही दोघींनी लिहिल्या. आणि आजोबांना पहिल्यापासून माहीत होतं. ती गोष्टच आहे, सुट्टीत लिहितोय आम्ही. पाटी आम्ही लिहायची, उत्तर त्यांनी. कोणाला कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं."

इतकी सरळ, इतकी सहज बोलली, की खरं काय ते माहीत असून मलाही क्षणभर पटलं. मैत्रीणही ताडकन उठून म्हणाली, "हाय की! आजोबांनीच तर सगळं जमवलं." हसणं थांबलं.

"खरं का हो, आजोबा?" सेक्रेटरींनी विचारलं.

मी खुर्चीची कड घट्ट धरली. ते नुसतं 'नाही' म्हणाले असते तरी सगळं संपलं असतं, आणि म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता.

आजोबा सावकाश उभे राहिले. "अहो सेक्रेटरी, रिकाम्या घरापुढे फराळाचा डबा नेऊन ठेवायला मी काय खुळा आहे?" मग त्यांनी आमच्या वरच्या बाईंकडे वळून पाहिलं. "आणि ज्यांना त्या घरातून टेबल सरकल्याचे आवाज आले, त्यांनी कान तपासून घ्यावेत."

सगळं पार्किंग हसलं, आजोबांबरोबर हसलं. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मला काही हसता येईना. त्यांनी डबा ठेवला होता, आणि दोन ताटंही घेतली होती.

लिफ्टमध्ये आम्ही चौघंच होतो. आजोबा आकड्यांकडे बघत म्हणाले, "मला राग आला होता. अजून आहे."

"हो," लेक म्हणाली.

"मला खरंच वाटलं होतं, वर कोणीतरी राहायला आलंय."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिने ते पुसलंही नाही. आजोबांचा मजला आला. दार उघडलं. ते जागचे हलले नाहीत.

"आजोबा, तुमचा मजला," मी म्हटलं.

"माहीत आहे मला. पण तुमच्या त्या माणसात एक मोठी चूक आहे. तो दुपारी जेवतो काय, ते कुठेच आलेलं नाही. पाट्या लिहून पोट भरतं काय त्याचं?"

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मीच म्हटलं, "आमच्याकडे आज वरणभात आहे. आणि भरली वांगी."

"मग तेच जेवतो म्हणून लिहा," आजोबा म्हणाले आणि त्यांनी लिफ्टचं दार बंद करायचं बटण दाबलं.