मैनेच्या पाठीवर ताठ

सकाळी गोंदियाला उतरले तेव्हा फलाटावर चहावाल्यापासून हमालापर्यंत सगळे हिंदीत बोलत होते. नवेगाव बांधच्या बसमध्ये बसले आणि कानावर आपली बोली पडू लागली. शेजारच्या काकूंनी एवढी मोठी पिशवी कायले (कशाला) आणली म्हणून मला दरडावले आणि मग तीच पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. खिडकीबाहेर कापणी झालेल्या बांध्या (धानाची शेते) मागे सरकत होत्या.

पुण्याहून मी या वेळी घाईने निघाले होते. गेल्या वर्षी बाबांना लकवा मारला आणि त्यांचा डावा पाय अधू झाला. आता मायने (आईने) त्यांची घोडी मैना गोंदियाच्या एका वरातीवाल्याला द्यायचे ठरवले होते. बाबा म्हणत, मी अजून बसू शकतो. माय म्हणे, पडाल. शेवटी तिनेच अट घातली. बाबांनी मैनेवर बसून घरापासून तलावाच्या पाळीपर्यंत (बांधापर्यंत) जायचे, वाटेत कुणी हात लावायचा नाही. मैना न थांबता पोचली तर घरी राहील. थांबली तर वरातीवाल्याकडे जाईल.

हे थांबणे काय, ते सांगायला हवे. बाबा तिच्यावर काचेच्या बांगड्या लादून चिचगडच्या बाजाराला जात. ओझे एका बाजूला कलंडले तर माल फुटणार, म्हणून भार सरकताच जागच्या जागी उभे राहायचे, असे त्यांनी तिला शिकवले होते. पाठीवर माणूस असला तरी तिचा नियम तोच. मी पाचवीत असताना गोणपाट टाकून तिच्यावर बसायला शिकले. खांदे सैल, कंबर जड, टाचा खाली. घोडीच्या मानेकडे नाही, पुढच्या मोहाच्या झाडाकडे पाहायचे. मी घाबरून एकीकडे झुकले की मैना उभी! मग गल्लीतली पोरे ओरडत, फुटल्या हिच्या बांगड्या. बाबांच्या त्याच बांगड्यांच्या कमाईवर मी पुढे शिकले, घरातली पहिली पदवीधर झाले.

जेवायला मायने आयते (तांदळाच्या पिठाची धिरडी) आणि झिंग्यांचा रस्सा केला होता. बाबा फारसे जेवले नाहीत. उन्हे उतरल्यावर शेजारच्या दोघांनी त्यांना ओट्यावरून मैनेवर बसवले आणि ते बाजूला झाले. मी आणि माय मागून निघालो.

बाबांची पाठ अजून तशीच ताठ होती. बाजाराहून परतताना दुरूनही ती ओळखू यायची. पण डावा पाय नुसता लोंबत होता आणि अंगाचा भार उजवीकडे ओढला जात होता. शाळेपाशी मैनेची चाल मंदावली. बाबांनी श्वास सोडला, कंबर हलकेच मध्ये आणली, आणि ती पुन्हा नीट चालू लागली.

पाळीचा चढ लागला आणि मैना थांबली.

बाबांनी सावरायचा प्रयत्न केला. मैना हलली नाही. ते वळून न पाहता म्हणाले, "सांगून दे त्याले, घेऊन जा म्हनून."

माय पुढे गेली. तिने त्यांचा डावा पाय गुडघ्यापाशी घोडीच्या अंगाला घट्ट दाबून धरला. मैनेने पाऊल टाकले.

"हात नाही लावाचा, असं ठरलं होतं," बाबा म्हणाले.

"ठरवलं कोनं? मीनंच. चुपचाप समोर पाहा."

तिघे तसेच वर गेले. पाण्यावर हिवाळी बदके उतरली होती. रात्री मायने वरातीवाल्याला फोन केला. तो हिंदीत बराच वेळ समजावत होता. तिने सगळे ऐकून घेतले, आपल्या बोलीत एकदाच नाही म्हटले आणि फोन ठेवला.

परतीच्या गाडीत मला ते गोणपाट, ती गल्ली आठवत राहिली. घोड्यावरचा तोल ज्याचा त्याने सांभाळायचा, असेच मी तेव्हा शिकले होते आणि पुण्यात एकटी राहताना ते मला उपयोगीही पडले. नागपूर मागे पडले तेव्हा बाबांचा फोन आला. आजही पाळीवर जाऊन आलो म्हणाले, पण आवाजात तक्रार होती.

"तुही माय लय हळू चालते. आता घोडी तिच्यासाठी थांबून राहते."