कुशाबाचं बंद दार

लालबागच्या त्या चाळीत ख्रिस्ती घर एकच, मीराबाई साळव्यांचं. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. बाईला ध्यास एकच: ज्याची कोणी विचारपूस करत नाही, त्याच्या दारी आपण जायचं. पाळकसाहेब हे दर रविवारी सांगत, मंडळी माना डोलावत आणि घरी मटण जेवायला जात. मीराबाई मात्र ते खरं मानून बसली होती.

तिला लांब जावं लागलं नाही. गॅलरीच्या टोकाला कुशाबा राहायचा, पूर्वीचा गिरणी कामगार. मुलगा विरारला गेला तो गेलाच, आणि बायको वारल्यापासून म्हाताऱ्याने दार लावून घेतलं होतं. चाळ म्हणे, माणूसघाणा आहे. असं म्हणणं सगळ्यांच्या सोयीचंही होतं.

नाताळात मीराबाईने करंज्या-चकल्यांचं ताट नेऊन त्याचं दार ठोठावलं. "नको," आतून आवाज आला. दार उघडलंसुद्धा नाही. बाईला वाटलं, इतकी वर्षं एका नळावर पाणी भरलं, आणि याला अजून ख्रिस्ती हाताचं चालत नाही? ती तणतणत परतली आणि पुन्हा त्या टोकाकडे फिरकली नाही.

ईस्टरआधीच्या उपवासात शेजारची दीपिका नळावर सहज बोलून गेली, "मावशी, आमचा दिवाळीचा फराळपण नाय घेतला कुशाबातात्यांनी. काकी होत्या तेव्हा कुणाचं ताट रिकामं परत नाय पाठवलं. आता ताटात घालायला घरात चिमूटभर साखर तरी असेल का?" आणि हंडा उचलून ती चालू लागली.

मीराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा लाजेपायी उपाशी मरत होता आणि ती रुसून बसली होती. ती तशीच रिकाम्या हातांनी धावली.

"तात्या, घोटभर पाणी देता का?"

बऱ्याच वेळाने कडी निघाली. भिंतीला धरून कुशाबाने तांब्या पुढे केला. हात इतका थरथरत होता की अर्धं पाणी सांडलं. अंगावर नुसती हाडं उरलेली. मीराबाई उरलेलं पाणी प्यायली.

"आता माझ्या हातची पेज घ्यायची," ती म्हणाली. तो नाही म्हणाला नाही.

तिने घरून पेज करून आणली, पण ती त्याच्या घशाखाली उतरेना. दोन चमचे कसेबसे गेले, बाकीची ओघळली. मीराबाईने हाक मारून दीपिकाला डॉक्टरकडे पिटाळलं आणि आणखी माणसं बोलवायला स्वतः उठली, तसा कुशाबाने तिचा पदर धरला.

"वायच बस गो. कोणच येना नाय."

ती खाली बसली, त्याचा हात हातात घेतला. प्रार्थनेला शब्द सुचेनात. "प्रभू, मला उशीर झाला," एवढंच ती पुटपुटत राहिली.

डॉक्टर जिना चढून येईपर्यंत हातातला हात गार पडला होता. आता सगळी चाळ दारात जमली. "मावशी, उठा," कोणी तरी म्हणालं. तिला उठवेना. आपण उठलो की हा माणूस परत एकटा पडेल, एवढंच तिला कळत होतं.