अण्णा ‘येतो’ म्हणाले

"येतो नाही... जातो म्हण! जातो म्हण!"

पुजारी कन्नडमध्ये घसा फोडून ओरडत होता, आणि आमचे अण्णा, म्हणजे माझे सख्खे थोरले बंधू, पायरीवर बसून निवांत चपला घालत होते.

आधीच सांगून टाकतो — भूत, करणी, भानामती, कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. उलट असल्या गोष्टी रचून सांगण्यात अख्ख्या जे. पी. नगरात माझा हात धरणारा कोणी नाही. आमच्या कॅन्टीनच्या सांबारात नसेल एवढं पाणी माझ्या गोष्टीत असतं, असं मित्रच म्हणतात. ही मात्र घडली तशी देतोय. जळवांची लांबी तेवढी वाढली असेल, ती स्वल्प चालवून घ्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं — घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. अण्णा सरकारी कारखान्यात इंजिनिअर. वहिनींना सातवा महिना. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता, त्यामुळे घरात सगळे दबकून बोलायचे. अशात कुणीतरी सांगितलं, चिक्कमगळूरच्या पलीकडं डोंगरात एक गाव आहे. तिथल्या अज्जांच्या समाधीवर कार्तिकातल्या जत्रेत नारळ ठेवून या. अज्जा म्हणजे त्या गावाचे जुने संत. निघताना वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही गप्पा छाटत बसाल कुठंतरी. यांना सोबत घेऊनच या."

बस पायथ्याशी सोडते. पुढं एकच पायवाट, दोन्हीकडं दरी... चुकायचंच असेल तर खाली पडूनच चुकता येईल. धुकं असं की माझे पाय मला अंदाजानं टाकावे लागत होते. आणि जळवा? पडवळाएवढ्या. वर मात्र केळीच्या खुंटांच्या कमानीतून आत शिरलो, तर जत्रा ऐन रंगात. नगारे, रथावर केळी फेकणारी माणसं, चुरमुऱ्यांचे ढीग, पत्रावळीवर भात आणि सारू, म्हणजे आपलं सार.

नारळ ठेवला. अण्णांनी समाधीला हात जोडले आणि सवयीनं म्हणाले, "बरतीनी अज्जा." येतो अज्जा. आपण म्हणतो तसंच.

नगारे थांबले. पुजाऱ्याचं ओरडणं सुरू झालं. त्या गावात म्हणे समाधीपुढून निघताना ‘होगतीनी’, जातो, असंच म्हणायचं. येतो म्हटलं की अज्जा शब्द धरून ठेवतात.

"अहो, म्हणून टाका की," मी म्हटलं. "एका शब्दानं काय होतंय?"

"घरी ही सातव्या महिन्यात, आणि मी देवाच्या दारात जातो म्हणू? तुझी जीभ लांब आहे, तू म्हण."

मी मोठ्यांदा ‘होगतीनी’ म्हटलं. अण्णांनी म्हटलं नाही.

उतरायला लागलो. गुडघे कुरकुरायला लागले, म्हणजे उतारच होता ना? आणि धुक्यातून नगारे ऐकू आले... समोरून. तीच केळीच्या खुंटांची कमान, तोच पुजारी, हातात सारूचा डाव. मी हसून घेतलं. पुन्हा उतरलो. पुन्हा कमान. या वेळी पुजारी ओरडला नाही. त्यानं अण्णांकडं बघत जमिनीवर पत्रावळ मांडली. एकच.

अण्णांनी प्रसादाची पिशवी माझ्या हातात दिली. "हे हिला दे. तू हो पुढं, मी येतो."

मी त्यांचा दंड धरायला गेलो तर मुठीत नुसतं धुकं. हाका मारत मागं वळलो, आणि चार पावलांत पायाखाली डांबर. पायथा. बस उभी होती. खिडकीपाशी अण्णा बसलेले. मी चिखलात लडबडलेलो, ते कोरडे ठणठणीत. अंगावर एक जळू नाही.

"कधी आलात?"

"मघाशीच."

मुलगी झाली. गोरीगोमटी, आवाज माझ्यावर गेलेला. सगळं छान. फक्त रोज सकाळी कारखान्याला निघताना अण्णा उंबऱ्यात म्हणायचे, "जातो." वहिनी रागावल्या, रडल्या. "येतो म्हणा हो एकदा," म्हणायच्या. ते बघत राहायचे, कुठल्या परक्या भाषेतला शब्द ऐकल्यासारखे.

मित्रांनी खुलासे भरपूर दिले. धुकं, थकवा, माझा स्वभाव. मला त्यातला एकही पटला नाही, आणि माझ्याकडं दुसरा नाही. आजही नाही.

पुढच्या कार्तिकात वहिनींनी मला एकट्याला पाठवलं. "यांचं तिथं काय राहिलंय, तेवढं विचारून या." मी निघालो तेव्हा अण्णा मुलीला मांडीवर घेऊन झोके देत होते.

वर तीच पंगत, तोच पुजारी. मी विचारलं, "गेल्या वर्षी माझे अण्णा आले होते. त्यांचं काही इथं राहिलंय का?"

पुजाऱ्यानं वाढायचं न थांबवता सांगितलं, "ते आत जेवतायत. स्वल्प थांब."