पेंढ्याच्या रेघा

काळी गाडी दुकानात आली की मी आधी गिऱ्हाइकाला खुर्ची देतो आणि मग विचारतो, काळीच का घेतली? धड उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. पांढरी गाडी बिचारी सगळं पोटात घालते. काळी चुगलखोर असते. सावलीत गप्प उभी राहील, आणि उन्हात आली की कुणी तिला कसं धुतलं, कशानं पुसलं, ते सगळ्या गावाला सांगत सुटेल. भोरहून उत्रोलीकडे जाताना रस्त्याला लागूनच माझं गाड्या पॉलिश करायचं दुकान आहे. आधी पुण्यात दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं आणि मग इथं येऊन स्वतःचं शटर लावलं. एवढ्या वर्षांत हजारभर गाड्या हाताखालून गेल्या असतील, पण मला उघडं पाडलं ते एका काळ्या गाडीनं.

ती मार्गासनीची होती. दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्‌स कार. मालक तिशीतला, शिरवळकडच्या एका कंपनीत नोकरीला. गाडी सेकंडहँड, पण तो तिच्याकडे असा बघायचा की विचारायची सोय नव्हती. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानावर असल्याच गाड्या काढायचो, म्हणाला. आमच्याकडच्या रस्त्यांवर ही गाडी चालवणं म्हणजे शिक्षाच. प्रत्येक स्पीडब्रेकरला ती तिरकी करून, श्वास धरून उतरवावी लागते. पण हौसेपुढं कुणाचं काय चालतं?

पहिल्यांदा तो आला दसऱ्याच्या दोन दिवस आधी. दसरा म्हणजे आमची सुगी. टेम्पो, जीप, नवरामुलगा बसवायच्या गाड्या, सगळ्यांना त्याच आठवड्यात चकाकी हवी असते. काळी गाडी नीट करायची तर तीन दिवस लागतात. तेवढे माझ्याकडे नव्हते, आणि दसऱ्यानंतर या म्हणायला जीभ रेटली नाही. मी मशिनला लोकरीचं जाड पॅड लावलं. तेच पॅड सकाळी एका जीपवर फिरवलेलं होतं. एका दुपारी सगळी गाडी उरकली. शेवटी मऊ पॅडचा हात फिरवायचा असतो, तो गाळला आणि वरून तेलकट पॉलिश चोपडलं. असलं पॉलिश ओरखड्यांमध्ये भरून बसतं, ओरखडे जात नाहीत, नुसते बुजतात. गाडी आरशासारखी चमकली. मुलगा खूश होऊन गेला, आणि खोटं कशाला बोलू, मीही स्वतःवर खूश होतो.

दिवाळीच्या तोंडावर तो परत आला. मधल्या काळात गाडी दोनदा धुतली गेली होती, त्यात पॉलिश निघून गेलं होतं आणि आता लख्ख ऊन पडलं होतं. गाडी दुकानासमोर उभी राहिली आणि मला तिच्या अंगभर गोल गोल वळ्या दिसल्या. घाईनं फिरवलेल्या मशिनच्या वळ्या. धंद्यातला कुणीही लांबून ओळखेल. तो भांडायला आलेला नव्हता. असं का दिसतंय, एवढंच त्यानं विचारलं.

भांडला असता तर मी कदाचित कबूल झालो असतो. माझा स्वभाव उलटा आहे. कुणी आवाज चढवला की माझ्या तोंडून खरं निघतं, आणि कुणी मऊ बोललं की मला पळवाट दिसते. मी वाकून नीट बघितल्याचं सोंग केलं. त्या वळ्यांच्या खाली सरळ रेघाही होत्या, बोनेटपासून पार मागच्या दिव्यांपर्यंत गेलेल्या. त्यांवर बोट ठेवून मी म्हणालो, “हे बघा. कुणीतरी पेंढ्यानं घासलीय गाडी. मग माझं पॉलिश काय करणार?”

त्यानं त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला की आबांनी घासली, पोळ्याला.

सगळी हकीगत त्यानंच सांगितली. त्याच्या वडिलांनी आदल्या उन्हाळ्यात बैलजोडी विकली होती, कारण भाताच्या चिखलणीला आता पॉवर टिलर येतो. रिकाम्या गोठ्यात गाडी उभी राहायला लागली. पोळा आला. जन्मभर त्या दिवशी पहाटे बैल घेऊन ओढ्यावर जाणाऱ्या माणसाला घरात बसवेना. त्यांनी दोन बादल्या पाणी आणलं, भाताच्या पेंढ्याची मूठ वळली आणि बैल घासावा तशी गाडी घासून काढली. बोनेटला हळदकुंकू लावलं, आरशाला गोंडा बांधला. पुरणपोळीचा घास कुणाच्या तोंडात घालावा हे कळेना, तेव्हा तो स्वतःच खाल्ला. मुलाला हे सांगताना हसू यायला हवं होतं, पण तेव्हा आलं नाही. मी मान हलवली आणि म्हणालो, मग झालं तर.

मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. पेंढ्याच्या रेघा खऱ्याच होत्या, आणि खरखरीत पेंढ्यानं गाडी धुवू नये हेही खरंच. बोललो नाही ते एवढंच, की वरच्या वळ्या माझ्या होत्या. सीझन संपल्यावर बघू म्हणून मी त्याला वाटेला लावलं आणि त्या रात्री पोटभर जेवलो.

चैत्रात तो पुन्हा दारात उभा राहिला. या वेळी त्यानं किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, हवे तेवढे दिवस घ्या, पण नीट करा. नाही जमलं तर तसं सांगा, विकून टाकतो. एवढ्या हौसेची गाडी विकायची म्हणजे काय, मी विचारलं. तर म्हणाला, दिवाळीत घरी गेल्यावर मी आबांना सगळ्यांदेखत बोललो. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला, असं म्हणालो. एकदाच. तेव्हापासून आबा गोठ्याकडे फिरकत नाहीत. गाडी अंगणात काढली की उठून आत जातात. बसा म्हटलं तर नको म्हणतात, आपला हात लागला की बिघडतं म्हणतात. ती उभी दिसली की मलाच कसंतरी होतं.

तो गेल्यावर मी चहा मागवला आणि तो तसाच गार झाला. मला लाज वाटली. दिवाळीत वाटायला हवी होती ती चैत्रात वाटली.

काम मी एकट्यानं केलं. आधी धुणं, मग चिकणमातीसारखी एक वडी असते ती ओल्या अंगावरून फिरवून रुतून बसलेली घाण काढणं, मग रबर आणि कडा चिकटपट्टीनं झाकणं. रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. ओरखडा घालवायचा म्हणजे तो थर ओरखड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणायचा. एकदा गेलेला थर परत येत नाही. म्हणून शहाणा माणूस आधी हातभर जागेवर अगदी हलका प्रयोग करून बघतो. मी डिकीवर तेवढी जागा आखली, सगळ्यात मऊ स्पंज घेतला, सगळ्यात सौम्य पॉलिश घेतलं, आणि एकच हात फिरवला. फडक्यानं पुसून दिवा धरला.

सरळ रेघा गेल्या होत्या. पेंढ्याच्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या, एका हातात. माझ्या वळ्या जागच्या जागी होत्या.

मी पाटावर बसून राहिलो. म्हातारबाबांनी गाडी घासली ती केसांच्या कलानं, मानेकडून शेपटीकडे, जनावराला बोचू नये अशा बेतानं. कुठंही उलटा हात नाही, कुठंही जोर नाही. त्यांच्या हाताची चूक पाच मिनिटांत पुसली गेली. माझी पुसायला मला तीन दिवस लागले, आणि तरी ती पुरती पुसली गेली नाही. उजव्या चाकावरच्या कडेला माझ्या मशिननं दसऱ्यातच थर इतका खाल्ला होता, की थराची जाडी मोजायचा मीटर लावून बघितला आणि मी पॅड उचललं. आणखी घासलं असतं तर खालचा रंग उघडा पडला असता. तिथल्या दोन वळ्या तशाच सोडाव्या लागल्या.

बाकी गाडी मात्र झाली. माझ्या हातून एवढी काळी गाडी पुन्हा झालेली नाही. बोनेटमध्ये दुकानाचे पत्रे मोजता येत होते.

किल्ली घ्यायला दुकानात या, असं त्याला सांगणं सोपं होतं. दोघांतच बोलून घेतलं असतं, त्यानं चार शब्द सुनावले असते आणि मिटलं असतं. पण खापर फुटलं होतं ते घरात, सगळ्यांदेखत. तेव्हा सांगायचं तेही तिथंच जाऊन, असं मी ठरवलं. रविवारी त्याला सुट्टी असते. मी फोन करून कळवलं की गाडी मीच आणून देतो, मग तुम्ही मला परत भोरला सोडा.

नसरापूरवरून आत वळून मार्गासनीला पोचलो तेव्हा नऊ वाजले असतील. गाडी अंगणात उन्हात उभी केली. मुलगा तिच्याभोवती दोनदा फिरला, वाकून बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की वहीच्या मागच्या पानावर होती तशी त्याला ती आत्ता दिसली. तो आभार मानायला लागला. मी म्हणालो, थांबा, आबा कुठं आहेत?

ते भुईमुगाला पाणी देऊन येत होते. घोट्याच्या वरपर्यंत चिखल. गाडी दिसली तसे ते अंगण सोडून गोठ्याच्या मागून जायला वळले. त्या वळण्यात राग नव्हता, सवय होती. ते बघून माझा उरलासुरला धीर गेला, पण मी हाक मारली.

“बाबा, जरा थांबा. तुमच्याशी बोलायचंय.”

ते अंगणाच्या कडेला उभे राहिले. मी सांगितलं. दसऱ्याला घाई केली ती मी, मशिनच्या वळ्या उठवल्या त्या मी, आणि वरून पॉलिश चोपडून त्या झाकल्या त्याही मीच. तुमच्या पेंढ्याच्या रेघा एका हातात निघून गेल्या. माझ्या वळ्या या इथं चाकावरच्या कडेला अजून आहेत, निघणारच नाहीत. हे सगळं मला दिवाळीतही माहीत होतं. हे शेवटचं वाक्य मी रस्ताभर घोकून आलो होतो.

मुलगा माझ्याकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे बघणं सोडून दिलं.

म्हातारबाबा गाडीजवळ आले. दोन्ही हात पाठीमागं बांधून, कशालाही स्पर्श होऊ नये असे, चाकापाशी वाकले आणि त्या दोन वळ्या बराच वेळ बघत राहिले.

“म्हंजी पेंढ्यानं न्हाई झालं?”

“पेंढ्यानं झालं होतं ते गेलं, बाबा. राहिलंय ते माझं.”

त्यांनी मान हलवली. बरं केलंत सांगितलंत ते, म्हणाले. मला वाटलं, सुटलो. तेव्हा ते सरळ उभे राहिले आणि त्याच आवाजात पुढं बोलले.

“माघात माजं डोळ्याचं आपरेशन झालं भोरला. यष्टीनं गेलो, डोळ्याला पट्टी बांधून यष्टीनंच आलो. दोन गाड्या बदलून. ह्यो म्हनत हुता, आबा गाडीतनं चला. म्या म्हनलं, नको बाबा, माज्या हातनं आनखी काय व्हायला नको.”

बस, एवढंच. कुणाला दोष दिला नाही, आवाज चढवला नाही. मी माफ करा म्हणालो. ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही मला माहीत नाही, कारण ते तोवर मुलाकडे बघत होते, आणि मुलाची मान खाली होती.

“आबा, बसा,” तो म्हणाला. “नसरापूरला जाऊन येऊ.”

“पाय चिखलाचं हायती.”

मुलगा आत गेला. मला वाटलं, जुनं पोतं किंवा चटई आणायला गेला असेल गाडीत अंथरायला. तो पाण्याची कळशी घेऊन आला. अंगणातल्या फरशीवर त्यांना उभं केलं, स्वतः खाली बसला आणि एका हातानं पाणी ओतत दुसऱ्या हातानं त्यांचे पाय धुवायला लागला. घोट्यावरचा सुकत आलेला चिखल, मग टाचा, मग बोटांच्या मधला. ते आधी अरं अरं म्हणाले, पाय मागं घेतला, मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं पाय कोरडे केले, दार उघडलं, आणि त्यांचं डोकं छताला लागू नये म्हणून मध्ये हात धरून त्यांना आत बसवलं.

गाडी गेली. तीन दिवसांच्या कामावर अंगणाची धूळ बसलेली मला दिसली आणि त्याचं काही वाटलं नाही.

गाडीत दोघांचीच जागा. मला भोरला सोडायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही. चालत थांब्यावर आलो. तासाभरानं एसटी आली. दाराची दांडी धरली, पाय उचलला, आणि मनात काय आलं कोण जाणे, एक डोळा मिटून घेतला. पायरी जिथं वाटली तिथं नव्हती. पाय हवेत गेला आणि नडगी लोखंडावर आपटली. सावकाश चढा, कंडक्टर म्हणाला.