उगोचा, जिल्हा रत्नागिरी

आमच्या मंडळात किस्से सांगायला म्हणून कुणी येत नाही. आम्ही जमतो ते लिहायला. इंटरनेटवर एक मोफत मराठी ज्ञानकोश आहे, त्यात नोंदी लिहिणारी आम्ही तीन निवृत्त माणसं दर बुधवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवर बसतो. तीन तासांत नोंदीच्या चार ओळी होतात आणि किस्से दोन होतात. ओळी पुण्याला संपादकांकडे जातात, किस्से इथेच साचत राहतात.

तिघांतल्या जाधव बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, दापोलीकडच्या मुरुडच्या. दाऊदभाई दाभोळचे. जन्मभर परदेशी जहाजांवर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. आता रत्नागिरीत मुलीकडे राहतात. आणि मी मोजणी खात्यातला, साखळ्या ओढत डोंगर उतरलेला माणूस.

*

पुण्याच्या संपादकांनी विषयांची यादी पाठवली. मला किल्ले हवे होते. किल्ले पुणेकरांनी आधीच वाटून घेतले होते. आमच्या वाट्याला उरले युरोपातले मोडीत निघालेले जिल्हे!

मी म्हटलं, यादी परत पाठवू. तेवढ्यात दाऊदभाईंनी एका नावावर बोट ठेवलं. उगोचा. जुन्या हंगेरीच्या राज्यातला एक लहानसा जिल्हा.

"ह्यो घ्या."

"का पण?"

"ह्यो घ्या म्हणतो ना."

हा माणूस चहात साखर कमी पडली तरी बोलत नाही. तो हट्ट धरतोय म्हटल्यावर आम्ही घेतला. कारण विचारलं की ते खिडकीबाहेर बघायचे.

*

पहिल्याच बुधवारी बाईंना एक आख्यायिका सापडली. कुठल्याशा राजाच्या राज्याभिषेकाची वेळ आली. मोठमोठे जिल्हे सरदार घेऊन हजर झाले. आणि हा टीचभर उगोचा म्हणे निरोप पाठवून मोकळा झाला, आम्ही काही त्याला मुकुट घालणार नाही.

"मग राजाने काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार? मुकुट घालून घेतला, झाला राजा. यांच्यावाचून काही अडलं नाही."

दाऊदभाई म्हणाले, "म्हंजे आपल्याकडलेच लोक. ग्रामसभेला जायचा नाय, आणि ठराव आपल्याला इचारल्याबिगर झाला म्हणून वर्षभर कुणाशी बोलायचा नाय."

बाईंना हे वाक्य नोंदीत घालायचं होतं. मी घालू दिलं नाही. बाई अजून ऐकवतात.

*

पहिल्या महायुद्धानंतर उगोचाचे दोन तुकडे झाले. एक चेकोस्लोव्हाकियाला, दुसरा रुमेनियाला. चेकोस्लोव्हाकियाकडे गेलेला तुकडा पुन्हा हंगेरीत, मग सोव्हिएत संघात, आणि आता युक्रेनमध्ये. तिकडे सांगतात की एखादी म्हातारी गाव न सोडता चार देशांत राहून आलेली असते.

हे मी घरी जेवताना बायकोला मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती मालवणची. आमचं लग्न झालं तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. नंतर जिल्हा फुटला, सिंधुदुर्ग वेगळा झाला. हद्दीच्या नकाशांच्या कामावर मीही होतो.

तिने आमटी वाढली आणि म्हणाली, "म्हातारीचं नवल कसलं? मी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात लग्न केलं होतं. मला परजिल्ह्यातली तुम्ही केलंत."

*

गावांचा तक्ता करायचं काम माझ्याकडे होतं. मी सवयीप्रमाणे रकाने आखले. जुनं नाव, आताचं नाव, नदी, वाड्या, ग्रामदैवत. ग्रामदैवताच्या रकान्यात सगळीकडे 'माहिती उपलब्ध नाही' लिहून तक्ता पाठवून दिला.

संपादकांचा फोन आला. तरुण मुलगा आहे, फार सभ्यपणे बोलतो. सभ्यपणा वाढला की समजायचं, रागावलाय.

"काका, हंगेरीतल्या गावांना ग्रामदैवत कसं असेल?"

मी ओशाळलो. बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "गावाचं चर्च कुठल्यातरी संताच्या नावाने असेल की नाही? त्या संताच्या दिवशी गावात जत्रा भरत असेल की नाही? बाहेर गेलेली माणसं त्या दिवशी घरी येत असतील की नाही?"

दोन दिवसांनी मेल आला. बऱ्याच गावांत तसंच आहे, रकाना राहू द्यावा. मात्र शीर्षक 'आश्रयदाते संत' असं करावं. बाई म्हणाल्या, करा. मला मात्र अजून ते ग्रामदैवतच वाटतं.

*

सहाव्या बुधवारी दाऊदभाईंनी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यांचंच अक्षर, वर परदेशी शिक्के. परत आलेलं पत्र होतं.

मग कळलं. त्यांच्या शेवटच्या जहाजावर शान्दोर नावाचा इलेक्ट्रिशियन होता, उगोचाचा. सात वर्षं दोघं एका जहाजावर होते. एडनजवळ दाऊदभाईंना कावीळ झाली तेव्हा तो बंदर येईपर्यंत रोज भात शिजवून चमच्याने भरवायचा. नोकऱ्या संपल्या आणि नुसती पत्रं राहिली, तीही विरळ होत गेली. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा दाऊदभाईंनी घाबरून पत्र टाकलं. सात महिन्यांनी परत आलं, या नावाचं गाव नाही म्हणून.

"गावच नाय म्हणतात," ते म्हणाले. "माणूस राहिला का गेला, कुणाला इचारू?"

मला फार वाईट वाटलं. पाच बुधवार हा माणूस हे पोटात घेऊन आमच्या चहापोह्यांत बसत होता, आणि आम्ही आपले हसत होतो.

पण पत्ता वाचला आणि माझं डोकं चालू लागलं. जुन्या सर्व्हे नंबरावरून नवा नंबर काढण्यात माझी उभी नोकरी गेली. नंबर बदलतो, जमीन कुठे जात नाही. शान्दोरने पत्ता देताना हट्टाने आजोबांच्या वेळचं हंगेरियन नाव लिहून दिलं होतं. जुना पोस्टमन ते ओळखत असेल, आजच्या नकाशात ते सापडणार नव्हतं. आमच्या तक्त्यातल्या पहिल्या रकान्यात मात्र होतं!

दोनदा होतं, एवढीच अडचण. एकामागे 'मोठं' लागत होतं, दुसऱ्यामागे 'छोटं'.

"बुद्रुक आणि खुर्द," बाई म्हणाल्या. "दोन्हीकडे लिहू."

"कुणाला लिहिणार? तिकडे ओळखीचं कोण आहे?"

"शाळेला. गावात कोण आहे आणि कोण नाही, हे शाळेइतकं कुणाला माहीत नसतं."

त्यांनी नातवाकडून दोन्ही शाळांचे मेल शोधून घेतले, भाषांतराच्या अॅपवर मजकूर बसवला आणि खाली सही केली, जाधव बाई, मुख्याध्यापिका. निवृत्त हा शब्द मुद्दाम गाळला.

खुर्दचं उत्तर चार दिवसांत आलं. आमच्याकडे असा कुणी नाही. बुद्रुकचं तीन आठवडे आलं नाही. त्या तीन बुधवारांत नोंदीत एक ओळ पडली नाही आणि एक किस्साही झाला नाही. दाऊदभाई यायचे, बसायचे, जायचे. चौथ्या बुधवारी मेल आला. शान्दोर आहे. शाळेमागेच राहतो. येत्या शुक्रवारी त्याला शाळेतल्या कॉम्प्युटरसमोर आणून बसवतो.

बाईंनी ते वाचून दाखवलं आणि स्वतःच रडायला लागल्या. दाऊदभाई उठून खिडकीपाशी गेले.

*

शुक्रवारी दाऊदभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले. पडद्यावर एक टकला, मिशाळ म्हातारा दिसला. त्याने यांना बघितलं आणि छातीवर क्रूस काढला. दोघं जहाजावरच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायला लागले, दोघेही एकदम. बाई आणि मी मागे बसून होतो, अर्धं कळत होतं. मध्येच दाऊदभाई इतके हसले की खालून ग्रंथपाल वर आले.

फोन झाल्यावर त्यांनी सांगितलं. मागे कोकणात चक्रीवादळ झालं, दाभोळच्या घराचे पत्रे उडाले आणि ते इथे मुलीकडे आले, तेव्हाच्या बातम्या शान्दोरने तिकडे पाहिल्या होत्या. त्यानेही घाबरून दाभोळला पत्र टाकलं होतं, तेही परत गेलं. तो धरून चालला, दाऊद गेला. त्यांच्याकडे मृतांच्या दिवशी दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसापाशी दूर मेलेल्यांसाठी मेणबत्ती लावतात. तेव्हापासून दरवर्षी तो यांच्या नावाची एक लावत होता.

"आता फार लाजला," दाऊदभाई म्हणाले. "माफी मागायला लागला. म्हणाला, ह्या वर्षीपासून बंद करतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"म्हटलं, बंद नको करू बाबा. मानवलीय मला."